खुरपे, काडी आणि माणूस

मनुष्य म्हणजे हत्यारे घडवणारा प्राणी, ही व्याख्या पुष्कळ दिवस चालली. १९६० साली ती अडचणीत आली. आफ्रिकेत, तेव्हाच्या टांगानिकात, गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल या तरुण संशोधिकेने एका चिंपांझीला वारुळात गवताची काडी खुपसून वाळवी काढून खाताना पाहिले. डहाळीची पाने ओरबाडून ती कामाजोगी करतानाही पाहिले. म्हणजे हत्यार नुसते वापरणे नव्हे, घडवणेही आले. मग माणसाचे वेगळेपण उरले कशात?

माझे वडील लोहारकाम करतात, म्हणून मला हा प्रश्न जवळचा वाटतो. लोखंड भट्टीत घालण्याआधीच खुरपे त्यांच्या डोक्यात तयार असते: पाते किती रुंद, बाक किती, मूठ कुठे बसणार. खुरप्याचा हेतू आधी, खुरपे नंतर. ज्याँ पॉल सार्त्र याने १९४५ साली पॅरिसच्या व्याख्यानात नेमका हाच दाखला दिला. त्याची वस्तू कागद कापण्याची सुरी होती, एवढाच फरक. त्याचे म्हणणे असे की, माणसाचे याच्या उलट आहे. माणूस आधी असतो आणि आपण कोण, हे मागाहून आपल्या कृतींनी ठरवतो. ईश्वर नाही, तेव्हा माणसाचा नमुना आधी कोणी काढून ठेवलेला नाही, असे तो मानतो. ईश्वराचा वाद मी येथे बाजूला ठेवतो. आपल्याकडे नमुना ठरवायला ईश्वर लागत नाही, आडनाव पुरते. मी तत्त्वज्ञान विषय घेतला तेव्हा गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "लोहाराच्या पोराला हे कशाला?" त्यांच्या हिशेबी मीही एक खुरपेच होतो.

चिंपांझीचे पिल्लू आईशेजारी बसून, बघून बघून काडी घालायला शिकते. आमच्याकडेही भाता आणि घण असेच पुढच्या पिढीकडे गेले. यात कमीपणा मुळीच नाही; पाण्याचा अंदाज वडिलांना जितका अचूक येतो, तितका पुस्तक वाचून मला येणार नाही. पण "हेच मी का करावे?" हा प्रश्न काडीच्या कौशल्यात नाही आणि घणाच्याही नाही. माणसाचे वेगळेपण शोधायचे तर मी ते या प्रश्नात शोधीन.

सार्त्रशी मात्र एका ठिकाणी माझे जमत नाही. माणूस सदैव निवडच करीत असतो, असे तो म्हणतो. वडिलांना सातवीनंतर भात्यावर बसवले, त्यांना कोणी विचारले नाही. ती त्यांची निवड होती असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. आपण निवडतो ते सर्वांसाठी निवडतो, हे त्याचे दुसरे म्हणणे मात्र मला पटते. माझ्या प्रवेशाची फी भरताना वडिलांनी मला एवढेच विचारले, "तुला काय शिकायचंय?" आमच्या घरात हा प्रश्न त्याआधी कोणी कोणाला विचारलेला नव्हता.