चावी हळू फिरव

नव्या पाणीपुरवठा योजनेवर रुजू झालीस, तर पहिली तक्रार लवकरच येईल : पाइप फुटला. सगळे एका सुरात म्हणतील, माल निकृष्ट होता. असेलही. पण पोरी, ठेकेदाराला नोटीस काढण्याआधी स्वतः खड्ड्यात उतर आणि फुटलेला तुकडा हातात घे. बिडाचा किंवा पीव्हीसीचा पाइप परिघाभोवती गोल तुटला असेल, तर जमीन हलली किंवा तळ पोकळ राहिला आणि पाइप वाकून मोडला. लांबीत उभा फाटला असेल, तर बहुधा दाबाने. मग व्हॉल्व्ह कोणी आणि कसा बंद केला, ते विचार.

जमीन बघितल्याशिवाय पाइप ठरवू नकोस. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिथे चराच्या तळाशी वाळू किंवा चाळलेल्या मुरमाचा थर हवाच. सॉकेटखाली छोटा खळगा काढायला लाव, नाहीतर पाइप दोन सॉकेटवर टेकून मधे अधांतरी राहतो. दाब जास्त असेल, वरून वाहनं जात असतील, तिथे डीआय (डक्टाइल आयर्न) पाइप घे. त्याच्या रबरी रिंगला साबणाचं पाणीच लावायचं. ग्रीस किंवा ऑइल लावलं की रबर खराब होतं. पीव्हीसी उन्हात ठेवू नकोस, ठिसूळ होतो. एचडीपीई ऊन सोसतो, पण तापला की लांबतो. भर दुपारी ताणून टाकलेला शंभर मीटर पाइप वीस अंशांनी थंड झाला, तर फूटभर किंवा त्याहून जास्त आखडतो आणि टोकाचा सांधा ओढून काढतो. चरात थोडा नागमोडी टाक आणि माती सकाळच्या गारव्यात लोट.

बेंडचं काम गवंड्यावर सोडू नकोस. ३०० मिलिमीटरचा काटकोनी बेंड, दाब १० किलो प्रति चौरस सेंटीमीटर, म्हणजे बेंडवर बाहेरच्या बाजूने सुमारे १० टनांचा रेटा. हा रेटा रबरी रिंग धरत नाही. काँक्रीटचा ठोकळा हवा, आणि त्याची पाठ न खोदलेल्या घट्ट जमिनीला टेकलेली हवी. भरावाला टेकवलेला ठोकळा बेंडबरोबरच सरकतो.

आता व्हॉल्व्ह. लोखंडी पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने जात असताना एकदम अडवलं, तर दाब सुमारे १०० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका चढतो. ही दाबाची लाट सेकंदाला साधारण एक किलोमीटर धावते. पाच किलोमीटरच्या लाइनीत तिला जाऊन परत यायला दहा सेकंद लागतात, आणि त्याच्या आत जे काही बंद होईल ते पाण्याच्या दृष्टीने एकदमच. स्लुस व्हॉल्व्हचे सुरुवातीचे फेरे पाणी फारसं अडवत नाहीत. खरा अडसर शेवटच्या थोड्या फेऱ्यांत पडतो. आणि नेमके तेच फेरे माणूस घरी जायच्या घाईत गरागरा फिरवतो. पाणी सोडणाऱ्याला शेजारी उभी राहून हे दाखव, लेखी सूचना देऊन भागत नाही. स्लुस व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून पाणी वाटण्याची सवयही मोड; पातं थरथरतं, बैठक झिजते आणि मग तो कधीच पूर्ण बंद होत नाही. ऊर्ध्ववाहिनीवर वीज गेली की पंप थांबतो, पाणी मागे फिरतं आणि एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, आपटतो. तो आवाज ऐकलास, तर दुर्लक्ष करू नकोस.

एअर व्हॉल्व्हकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं, म्हणून जरा थांबून सांगतो. चढाच्या माथ्यावर हवा अडकते आणि पाणी पुढे सरकत नाही. गाव म्हणतं, टाकीच भरत नाही. रिकामी लाइन भरताना वेग सेकंदाला फूटभरच ठेव, हवेला निघायला वेळ दे. उलट लाइन रिकामी होताना हाच व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो. त्याच्या चेंबरमध्ये गटाराचं पाणी साचलं असेल, तर हवेऐवजी तेच आत ओढलं जातं आणि दुसऱ्या दिवशी घराघरांत जातं. चेंबर कोरडं राहिलंच पाहिजे. आणि टंचाईत बायका एअर व्हॉल्व्हच्या गळतीवर हंडे भरताना दिसल्या, तर आधी त्या वस्तीला नळ दे, मग गळती बंद कर. नाहीतर आठवड्यात तो व्हॉल्व्ह पुन्हा फोडलेला सापडेल.

एक वही कर. प्रत्येक व्हॉल्व्हची जागा जवळच्या पक्क्या खुणेपासून मोजून लिही, आणि पूर्ण उघडायला किती फेरे लागतात तेही. पुढच्या वेळी बंद करताना फेरे कमी भरले, तर खाली खडा अडकला आहे हे लगेच कळेल. बदली होईल तेव्हा ती वही येणाऱ्याच्या हातात स्वतः दे. कार्यालयाच्या कपाटात ठेवून जाऊ नकोस.