इंग्रजी स्पेलिंग आणि आपण खानदेशी

अकरावीच्या वर्गात धडा मोठ्याने वाचताना मी 'नाइफ' हा शब्द 'क्नाइफ' असा वाचला आणि सारा वर्ग हसला. त्यानंतर दोन वर्षे इंग्रजीच्या तासाला मी तोंड उघडले नाही. पुढे पदवीच्या वर्गात उच्चारशास्त्राची ओळख झाली, तेव्हा कळले की साधारण सतराव्या शतकापर्यंत खुद्द इंग्रज माणूसही या शब्दातला 'के' उच्चारीत असे! मला फक्त तीनेकशे वर्षे उशीर झाला होता. माझ्यासारख्याच गप्प बसलेल्या विद्यार्थी मित्रांसाठी हा लेखनप्रपंच.

इंग्रजीत अक्षरे 26 आहेत. परंतु प्रमाण ब्रिटिश उच्चारात ध्वनी सुमारे 44 मानले जातात. त्यांपैकी 20 स्वर आणि 24 व्यंजने. स्वरांची अक्षरे मात्र पाचच : ए, ई, आय, ओ, यू. तेव्हा एकाच अक्षराला अनेक ध्वनींचा भार वाहावा लागतो. दुसरे कारण इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केला. छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू ठरून गेले. पण त्याच शतकांत लोकांचे उच्चार बदलत राहिले. 'नाइफ'मधला 'के' आणि 'नाइट'मधले 'जीएच' हे त्या जुन्या उच्चारांचे अवशेष होत.

म्हणून इंग्रजीला नियमच नाहीत असे मात्र नव्हे. तीन नियम सांगतो. पहिला, शेवटच्या मुक्या 'ई'चा. हा 'ई' स्वतः बोलत नाही, पण आधीच्या स्वराला त्याच्या नावाने बोलावयास लावतो. 'कॅप'ला 'ई' जोडा, 'केप' होते. 'पिन'चे 'पाइन', 'हॉप'चे 'होप', 'कट'चे 'क्यूट'. ('गिव्ह', 'हॅव', 'कम' हे अपवाद पाठच करावेत.) दुसरा नियम 'सी'चा. त्याच्यापुढे ई, आय किंवा वाय आल्यास उच्चार बहुधा 'स', जसे 'सिटी'. एरवी बहुधा 'क', जसे 'कॅट'. तिसरा नियम भूतकाळाच्या 'ईडी'चा. 'वॉक'पुढे तो 'ट' होतो, 'प्ले'पुढे 'ड', आणि 'वाँट'पुढे 'इड'. लिहिणे एक, बोलणे तीन.

आता हेच नियम घेऊन जळगावहून धुळ्याच्या एस.टी.त बसू. इंग्रजी पाटीवर धुळ्याचे स्पेलिंग डी-एच-यू-एल-ई. 'रूल'चा नियम लावला तर परका माणूस त्याला 'धूल' म्हणेल! जळगावातल्या आणि पारोळ्यातल्या 'ळ'साठी इंग्रजीत अक्षरच नाही. 'एल'वर भागवले, आणि म्हणूनच बाहेरचा प्रवासी 'जलगाव' म्हणतो. आपण त्याला हसत नाही, गावाचे नाव एकदा नीट ऐकवतो. मग 'क्नाइफ'ला तरी का हसावे?

आपली देवनागरी मात्र बोलल्याप्रमाणे लिहिली जाते, असा आपला समज. तोही तपासून पाहावा. 'चार' आणि 'चारा' म्हणून पाहा. 'च' एकच, उच्चार दोन. 'जीव' आणि 'जागा' यांतल्या 'ज'चेही तसेच. 'जळगाव' लिहिताना 'ळ' पूर्ण लिहितो, बोलताना 'जळ्गाव' म्हणतो. हे नियम आपल्याला कोणी शिकविले नाहीत, कारण शाळेत जाण्यापूर्वी ते शब्द आपल्या कानावर पडले होते.

अहिराणी बोलणाऱ्याला तर ही गोष्ट अधिक लवकर कळावी. घरी आपण 'डोया' म्हणतो आणि वहीत 'डोळा' लिहितो. 'काया' म्हणतो आणि 'काळा' लिहितो. अक्षर वेगळे आणि ध्वनी वेगळा, हा उच्चारशास्त्राचा पहिला धडा आपण आईजवळच गिरवलेला असतो. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी आधी ओठांवर आली. इतरांनी ती कागदावर उतरवली आणि 1952 मध्ये त्यांचे पुस्तक झाले. भाषेचा हाच क्रम आहे : आधी कान, मग जीभ, आणि शेवटी लेखणी. इंग्रजी शिकताना आपण नेमका तो उलटा करतो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. नवा शब्द आधी ऐकावा. शब्दकोशात अर्थाबरोबर उच्चारही पाहावा. आरशासमोर उभे राहून 'व्हेट' आणि 'वेट' म्हणावे. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, दुसऱ्यात दोन्ही ओठ गोल होतात. आपण मराठीत दोन्हींना एका 'व'वर चालवून घेतो, म्हणून हा सराव मुद्दाम करावा. रोज पाच शब्द मोठ्याने वाचले तरी पुरे.

आणि वर्गात कोणी चुकला, तर हसू नये. मी पुन्हा हात वर करून धडा वाचला तेव्हा आणखी दोन शब्द चुकलो. या वेळी सरांनी ते फळ्यावर लिहून सर्वांकडून म्हणवून घेतले. आणि आमच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना ते येत नव्हते, हे त्या दिवशी सर्वांनाच कळले.