जुन्या प्रतिजैविकाला वनस्पतीची जोड



पिंपरी म्हटले की आज डोळ्यांपुढे कारखाने येतात. त्यांतील एका कारखान्याशी शेतकऱ्याचा संबंध फार जुना आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही केंद्र सरकारची कंपनी १९५४ साली स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या तिच्या पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. डाळिंबावरील तेल्या आणि लिंबावरील खैऱ्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लिनच्या ज्या ६ ग्रॅमच्या पुड्या आपण आणत आलो, ते औषधही याच कंपनीचे. त्यात ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन व १ भाग टेट्रासायक्लिन असते. ही दोन्ही मुळात माणसांची औषधे होत. क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिनच. म्हणजे दवाखाना, गोठा आणि फळबाग हे तिघेही एकाच कणगीतून धान्य काढत आले आहेत.

ही कणगी आता रिकामी होऊ लागली आहे. नवीन प्रतिजैविके फार थोडी निघतात आणि जुन्यांना जिवाणू दाद देईनासे झाले आहेत. शेतीतही हे घडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नासपतीच्या झाडांवर फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगासाठी स्ट्रेप्टोमायसिन वर्षानुवर्षे फवारले गेले. १९७१ साली तेथे या औषधाला न जुमानणारे जिवाणू आढळून आले. म्हणूनच जुने औषध पुन्हा कामी आणता येईल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. त्यातील एक वाट आपल्या ओळखीच्या वनस्पतींकडून जाते.

विहीर, झरा आणि मोटर

जिवाणू औषधापासून बचाव कसा करतो? काही जिवाणू औषध तोडणारे विकर तयार करतात. काहींच्या शरीरातील औषधाची लागण्याची जागाच बदलते. तिसरी युक्ती आपल्याला चटकन समजेल. विहिरीला झरा चांगला आहे, पण पाणी येते त्याच वेगाने मोटर उपसा करीत असेल, तर विहीर कधी भरत नाही. काही जिवाणूंच्या आवरणात असेच सूक्ष्म पंप असतात. औषध आत शिरले की ते बाहेर फेकले जाते आणि जिवाणूला मारण्याइतकी पातळी आत कधी साठतच नाही. अशा वेळी औषधाची मात्रा वाढविणे म्हणजे झरा मोठा करणे. त्यापेक्षा मोटर बंद पाडणे सोपे, नाही का?

काही वनस्पतीजन्य द्रव्ये नेमके हेच करतात. दारुहळदीत बर्बेरिन नावाचे पिवळे द्रव्य असते. ते जिवाणूंना मारक आहे, परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा पू निर्माण करणारा जिवाणू नोर-ए नावाच्या पंपाने ते बाहेर टाकतो. अमेरिकेतील शास्त्रज्ञांना २००० साली असे आढळले की बर्बेरिन तयार करणाऱ्या काही वनस्पती त्याबरोबर आणखी एक द्रव्य तयार करतात. हे द्रव्य एकटे जिवाणूला काही करीत नाही, फक्त पंप अडवते. विशेष म्हणजे आपल्या सह्याद्रीतील कडू कवठाच्या बियांमध्येही हेच द्रव्य मिळालेले आहे. झाडाने ही जोडगोळी आपल्या स्वतःच्या रक्षणासाठी केव्हाच जमविली होती!

मिरी व पिंपळीतील पिपेरिन हे दुसरे उदाहरण. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत (आताची भारतीय एकात्मिक औषध संस्था) झालेल्या कामातून २००६ साली दिसून आले की पिपेरिनमुळे याच जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा परिणाम वाढतो. त्याच संस्थेच्या संशोधनावर आधारित क्षयरोगाची एक गोळी कॅडिला फार्मास्युटिकल्सने तयार केली. तिच्यात रिफॅम्पिसिन ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम असून सोबत केवळ १० मिलिग्रॅम पिपेरिन आहे. येथे मुख्य लाभ वेगळा आहे. पिपेरिनमुळे आतड्यातून रक्तात जाणारे औषध वाढते.

जोड खरी की योगायोग?

दोन द्रव्ये एकत्र केली आणि जिवाणू मेले, एवढ्यावर जोड सिद्ध होत नाही. नत्र व स्फुरद यांच्या निरनिराळ्या मात्रांचे वाफे पाडून आपण एकत्रित परिणाम पाहतो, तीच रीत येथेही आहे. ९६ खळगे असलेल्या एका लहान तबकडीत आडव्या ओळींत प्रतिजैविकाच्या व उभ्या ओळींत वनस्पतीद्रव्याच्या चढत्या मात्रा घालतात, सर्वांत जिवाणू सोडतात आणि कोणत्या खळग्यात वाढ थांबली ते पाहतात. समजा, वाढ थांबविण्यास एकटे प्रतिजैविक १६ मायक्रोग्रॅम व एकटे वनस्पतीद्रव्य २५६ मायक्रोग्रॅम लागते, पण एकत्र दिल्यास अनुक्रमे ४ व ६४ पुरतात. प्रत्येकाचा चौथा हिस्सा लागला. पाव अधिक पाव म्हणजे अर्धा. ही बेरीज अर्धा किंवा त्याहून कमी आली, तरच त्याला परस्परपूरक परिणाम म्हणतात. ती ४ पेक्षा जास्त आली तर दोन्ही द्रव्ये एकमेकांच्या वाटेत येतात असे समजावे. असेही होऊ शकते, ही गोष्ट काढा विकणारे सांगत नाहीत.

तोंडातील जिवाणू

ठिबकच्या नळीत साचणारा बुळबुळीत थर आपण पाहतोच. नुसते पाणी सोडून तो निघत नाही, क्लोरीन प्रक्रिया करावी लागते. दातांवरचा थर तसाच असतो. त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात व दात किडतो. या थराच्या आत दडलेल्या जिवाणूंपर्यंत औषध नीट पोहोचत नाही. कोरियातील संशोधकांनी २०११ साली लवंगेचे तेल व त्यातील युजेनॉल यांची अँपिसिलिन व जेंटामायसिन यांच्याशी जोड तोंडातील जिवाणूंवर तपासली आणि परिणाम वाढल्याचे नोंदविले. मात्र हे प्रयोग तबकडीतील आहेत. तबकडीत मिळते ती मात्रा हिरडीत टिकेल असे नाही. शिवाय शुद्ध लवंग तेलाने हिरडी भाजते आणि लहान मुलाने ते गिळल्यास यकृतास इजा होऊ शकते.

दात दुखला की औषधाच्या दुकानातून अॅमॉक्सिसिलिनच्या चार गोळ्या आणून वेळ मारून नेणे हा प्रकार गावोगाव चालतो. किडलेला दात गोळीने भरून येत नाही. पू झाला असल्यास तो दंतवैद्याकडून काढूनच घ्यावा लागतो. त्या चार गोळ्यांनी तोंडातील व आतड्यातील नाजूक जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. तणनाशकाची अर्धी मात्रा मारल्यावर शेतात काय उरते ते आपण जाणताच.

गोठ्यात आणि बागेत

मावळ व खेड तालुक्यांतून पिंपरी-चिंचवडला रोज दूध जाते. गाईच्या कासदाहास (दगडीस) वर उल्लेखिलेला स्टॅफिलोकॉकस बहुधा कारणीभूत असतो. सडात सोडण्याच्या नळ्या पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच वापराव्यात, सांगितलेले दिवस पूर्ण करावेत आणि वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंतचे दूध डेअरीला घालू नये. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कासदाहासाठी कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम व चुना १५ ग्रॅम यांचा बाहेरून लावण्याचा लेप सुचविते. हा लेप सुरुवातीलाच लावावा. ताप असल्यास किंवा दुधात रक्त आल्यास पशुवैद्यकास लगेच बोलवावे. कुक्कुटपालकांनी हेही ध्यानात ठेवावे की कोलिस्टिन हे औषध पशुपक्ष्यांना व त्यांच्या खाद्यात देण्यास जुलै २०१९ पासून बंदी आहे.

बागायतदारांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. शेतीतील स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचा वापर थांबविण्यासाठी केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आदेशाचा मसुदा काढला. त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण बंद करण्याची तरतूद होती. तेव्हा तेल्यासाठी या पुडीवर विसंबू नये. रोगट फांद्या व फळे काढून जाळावीत, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, रोगमुक्त रोपेच लावावीत आणि ताम्रयुक्त औषधांची फवारणी शिफारशीप्रमाणे घ्यावी. स्ट्रेप्टोसायक्लिनच्या द्रावणात हळदीचे किंवा लवंगेचे पाणी मिसळण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. त्याला कोणत्याही शिफारशीचा आधार नाही.

घरात कोणाला क्षय, फेफरे किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर मिरी-पिंपळीचे चूर्ण वा काढा रोज घेण्याआधी डॉक्टरांना तसे सांगावे. पिपेरिन रिफॅम्पिसिनची रक्तातील पातळी वाढवते, तशीच फेफऱ्यावरील फेनिटोइन व रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल यांचीही वाढवते. भाजीतल्या चिमूटभर मिरीने बिघडत नाही. चमचाभर चूर्णाची गोष्ट निराळी.