छिन्नमनस्कता : गोळी का सुटते आणि रुग्ण पुन्हा दाखल का होतो?

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया. या आजारात कोणी बोलत नसताना रुग्णाला आवाज ऐकू येतात, शेजारीपाजारी आपल्या वाईटावर आहेत असे ठामपणे वाटते. ही करणी नव्हे, बाहेरची बाधा नव्हे आणि आईबापांच्या संस्कारांचा दोषही नव्हे. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले व डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिनचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून असे असंख्य रुग्ण घरी राहू शकले.

परंतु घरी आल्यावरच खरी परीक्षा सुरू होते. माणूस जेवू-झोपू लागतो, कामावर जातो. मग कोणीतरी म्हणते, "आता बरा झालास की, गोळ्या कशाला?" गोळीमुळे बरे वाटते आणि बरे वाटते म्हणून गोळी सुटते. सुटल्यावर लगेच काही बिघडत नाही. आठवडे, कधी महिने निघून जातात. त्यामुळे आजार उलटला तरी बंद केलेली गोळी कोणाला आठवत नाही.

२०१२ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी शेकडा २७ जणांचा आजार उलटला. औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत हे प्रमाण ६४ होते. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण अनुक्रमे १० व २६. विद्यार्थ्यांनी यातील २७ हा आकडाही नीट पाहावा. औषध घेऊनही आजार उलटू शकतो. तेव्हा "तूच गोळ्या चुकवल्यास" असा आरोप करण्याची घाई नको.

गोळी सोडण्यामागे हट्टच असतो असेही नाही. हात थरथरतात, अंग ताठरते, वजन वाढते, दिवसभर झोप येते. आणि आपण त्याला आळशी म्हणतो! हे डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. रोजची गोळी जमत नसेल तर काहींना दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचे इंजेक्शन चालते. पुष्कळदा अडचण असते ती बुडणाऱ्या रोजाची आणि एस.टी.च्या भाड्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळाली पाहिजेत. दर महिन्याला ठाणे, येरवडा गाठण्याआधी जवळच्या रुग्णालयात ती मागावीत.

आमच्या परिचयातील एका मावशींचा मुलगा तीन वेळा दाखल झाला. तिसऱ्या खेपेच्या आधी त्या गोळी चहात विरघळवून देत. त्याला ते कळले आणि त्याने घरचे अन्नच सोडले. विषाचा संशय असलेल्या माणसाच्या चहात आपणच काहीतरी मिसळत होतो, हे मावशींना फार उशिरा उमगले. आता गोळ्यांचा डबा त्याच्याकडेच असतो. गोळी घेतली की कॅलेंडरवर तो स्वतः खूण करतो. एखादा चौकोन रिकामा दिसला तर मावशी रागावत नाहीत. रात्री झोप लागली का, एवढेच विचारतात, कारण त्याच्या बाबतीत सर्वांत आधी झोप बिघडते.