आधी स्विच, मग वायरिंग

जुन्या पद्मिनीचे ब्रेकलाइट गेले आणि इलेक्ट्रिशियन गाडीला हात लावायच्या आतच ‘सगळं वायरिंग बदलावं लागेल’ म्हणाला, तर तिथून सरळ निघा. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्या पोराने मला वायरिंगचं असंच सांगितलं होतं.

“काका, कंपनी बंद, पार्ट बंद, भंगारात द्या,” हे त्याचं पालुपद. तोंड चालू आणि हातही. मागची चांगली वायर कापून टेप गुंडाळली, फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली. दिवे नाहीतच. ब्रेकचा स्विच पाहिलास का, विचारलं तर हसला. “स्विच पेडलला असतो काका. तुमच्या गाडीला तो नाहीच!”

अरे, आहे ना! या गाड्यांत तो ब्रेकच्या पाइपवर असतो, ऑइलच्या दाबावर चालणारा. मी पाइपचा माग काढला, स्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना टेकवल्या. मागचे दोन्ही दिवे लख्ख! पोरगा म्हणतो, “मी तेच म्हणत होतो.” आणि बिल वायरिंगचंच.

म्हणून जुन्या फियाट, अँबेसेडरवाल्यांनो, इग्निशन चालू ठेवून क्रमाने बघा. आधी बल्ब आणि फ्यूज. फ्यूजची टोकं पॉलिशपेपरने घासा; चांदी लावू देऊ नका, वायर जळेल. मग स्विचच्या वायरी जोडून पाहा. दिवे लागले तर स्विच गेला. नवा बसवल्यावर ब्रेकची हवा काढून घ्याच, नाहीतर पेडल खाली जाईल. दिवे लागले नाहीत तर त्या वायरी तशाच जोडलेल्या ठेवून होल्डरपासून बॅटरीच्या निगेटिव्हला वेगळी वायर लावा. लागले, तर अर्थिंग गंजलंय. भीमाशंकरकडच्या पावसात हे हमखास होतं. नुसत्या मीटरवर विसंबू नका: गंजक्या जोडावरही तो १२ व्होल्ट दाखवतो, पण २१ वॅटचे दोन बल्ब साडेतीन अँपिअर ओढतात, तिथे जोड दम तोडतो. टेस्टिंगला बल्बच वापरा.

बाकी, काम समोर उभं राहून करून घ्या, जुना पार्ट मागून घ्या.

आणि या रस्त्यावर विघ्नहर आणि भीमाशंकर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की मागून उसाने भरलेल्या ट्रॉल्या येतात, त्या चटकन थांबत नाहीत. अंधार पडल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबा. आरशात लाल उजेड दिसला तरच रस्त्याला लागा.