आवाजाचे नीरक्षीर

शाळेच्या स्नेहसंमेलनाचा दिवस जवळ आला, की गाणे म्हणणाऱ्या मुलांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. गाणे पाठ असते, गळाही बरा असतो. परंतु पेटी वाजविणारे गुरुजी एकच आणि त्यांच्याभोवती पंधरा मुलांचा गराडा! सतार, बासरी, व्हायोलिन असा भरगच्च वाद्यवृंद तर कोणत्याही शाळेला परवडणारा नव्हे. मूळ ध्वनिमुद्रिकेत मात्र तो आयता वाजत असतो. तिच्यातून गायकाचा आवाज तेवढा काढून टाकता आला आणि मागचे संगीत जसेच्या तसे राहिले, तर काय बहार होईल!

इच्छा साधी खरी. पण ती पुरी करावयाला माणसाला फार वर्षे लागली. दूध आणि पाणी एकत्र केले, तरी हंस त्यातून दूध तेवढे वेगळे करून पितो, असे जुन्या काव्यांतून वर्णन येते. प्रत्यक्षातला हंस असे काही करीत नाही, ही गोष्ट निराळी. गाण्यातून आवाज निवडून काढण्याचे काम त्या काव्यातल्या हंसाच्याच तोडीचे आहे.

गाणे चालू असता गायक, सतारवादक, तबलजी असे सगळेजण हवेत आपापल्या लहरी उठवीत असतात. मायक्रोफोनच्या पडद्यापर्यंत येईतो या लहरी एकमेकींत मिसळून जातात. त्या पडद्याला एका क्षणी एकाच रीतीने हलता येते: थोडे पुढे किंवा थोडे मागे. दहा वाद्ये वाजत असली, तरी त्या क्षणाची नोंद एकच. कॉम्पॅक्ट डिस्क नावाच्या तबकडीवर अशा नोंदी दर सेकंदाला ४४,१०० या वेगाने केलेल्या असतात आणि प्रत्येक नोंद म्हणजे केवळ एक आकडा. बेरीज पंधरा आली एवढेच कोणी सांगितले, तर ती दहा आणि पाच यांची, की आठ आणि सात यांची, हे कसे ओळखावे?

या कोड्याची पहिली किल्ली सापडली, ती माणसाच्या दोन कानांमुळे. मागून बैलगाडी येत असली, तर ती डावीकडे आहे की उजवीकडे, हे मान न वळविताही कळते. कारण दोन्ही कानांना तो आवाज अगदी सारखा पोहोचत नाही. इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लमलाइन या अभियंत्याने हे तत्त्व ध्वनिमुद्रणात आणावयाचे ठरविले. बोलपटात पात्र पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडूनच, हे त्यांना खटकले होते, असे सांगतात. १९३१ च्या डिसेंबरात त्यांनी आपल्या शोधाच्या एकस्वासाठी अर्ज केला. तबकडीवरील एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन निरनिराळे आवाज कोरण्याची युक्तीही त्यात होती. अशा दुहेरी, म्हणजेच स्टीरिओ, तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. ते पाहणे ब्लमलाइन यांच्या नशिबी नव्हते. युद्धकाळात रडारची चाचणी घेत असताना १९४२ साली विमान कोसळून त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३८ वर्षांचे होते.

स्टीरिओ मुद्रणात वाद्ये डावीकडे आणि उजवीकडे मांडलेली असतात, गायकाला मात्र बहुधा मधोमध ठेवतात. मधोमध ठेवणे म्हणजे त्याचा आवाज दोन्ही बाजूंना समसमान घालणे. येथेच वजाबाकीला वाव मिळतो. एखाद्या क्षणी गायकाचा आवाज ५ आहे, डावीकडच्या सतारीचा ३ आणि उजवीकडच्या बासरीचा २ आहे, असे समजावे. डाव्या बाजूची बेरीज होईल ८, उजवीची ७. आता डावीतून उजवी वजा केली की उरतो १, आणि हा १ म्हणजे सतारीचे ३ उणे बासरीचे २. गायकाचे ५ कोठेच उरले नाहीत! ध्वनीच्या भाषेत सांगावयाचे, तर उजव्या बाजूची लहर उलटी करावयाची, जेथे उंचवटा तेथे खळगा, आणि ती डाव्या बाजूत मिळवावयाची. गायकाच्या उंचवट्यावर त्याचाच खळगा येऊन पडतो आणि दोन्ही सपाट होतात. लहर उलटी झाली तरी कानाला ते जाणवत नाही; त्यामुळे बासरी बासरीसारखीच वाजत राहते.

युक्ती नामी खरी, पण आंधळी. मधोमध असेल ते ती सारेच पुसून टाकते, मग तो गायक असो की ढोल. गाण्याला खालून आधार देणारे खर्जाचे स्वर बहुधा मध्येच ठेवलेले असतात. तेही जातात आणि गाणे पोकळ वाटू लागते. शिवाय गायकाच्या आवाजाला जोडलेला घुमारा दोन्ही बाजूंना वेगवेगळा पसरलेला असल्यामुळे तो मागे राहतो. गायक निघून गेला आणि त्याचा प्रतिध्वनी मात्र घरातच घुटमळत राहिला, असे ऐकणाराला वाटते.

जुन्या गाण्यांपुढे तर या युक्तीची मात्राच चालत नाही. पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालेले ‘गीतरामायण’ असो की त्या काळचे एखादे चित्रपटगीत, गायक आणि वादक यांचा आवाज एकाच ध्वनिमार्गावर उतरलेला असे. तेथे डावे आणि उजवे एकच. एकातून तेच वजा केले, की हाती येते निव्वळ शांतता.

जपानमध्ये हा प्रश्न निराळ्या वाटेने सोडविण्यात आला. कोबे शहरातील दाइसुके इनोऊए हे मद्यगृहांतून येणाऱ्या हौशी गायकांना वाद्याची साथ करीत असत. एका गिऱ्हाइकाबरोबर सहलीला जाणे त्यांना जमेना; तेव्हा त्यांनी आपली साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यातूनच १९७१ साली त्यांनी नाणे टाकले की साथ वाजविणारी अकरा यंत्रे तयार करविली. तशा प्रकारचे यंत्र टोकियोत शिगेइची नेगिशी यांनी १९६७ सालीच बनविले होते. ‘काराओके’ या शब्दाचा अर्थच ‘रिकामा वाद्यवृंद’ असा आहे. येथे आवाज काढण्याचा प्रश्नच नव्हता. तो मुळात घातलेलाच नसे.

खरा हंस अवतरला तो संगणकाच्या रूपाने. ज्या गाण्यांचा आवाज आणि वाद्ये स्वतंत्रपणे मुद्रित झालेली आहेत, अशी असंख्य गाणी संगणकाला पुरविण्यात आली. मिश्रण कसे आणि त्याचे घटक कसे, हे ताडून पाहत तो माणसाच्या आवाजाच्या खुणा ओळखावयास शिकला. आई आणि मावशी स्वयंपाकघरात एकदमच बोलू लागल्या, तरी मुलाला दोघींचे आवाज वेगळे कळतात. तशातलाच हा प्रकार. २०१९ साली ‘स्प्लीटर’ नावाची अशी एक आज्ञावली सर्वांना विनामूल्य खुली झाली. ‘स’, ‘श’ यांसारखे फुत्कारी वर्ण आणि झांजेचा आवाज यांत तिची अजून गल्लत होते. मालकाच्या अनुमतीवाचून दुसऱ्याचे गाणे असे सोलून बाजारात मांडता येत नाही, हेही येथे सांगावयास हवे. आपल्या गायनाची प्रतिष्ठेला बाधक अशी मोडतोड रोखण्याचा हक्क भारतातील गायकाला २०१२ सालच्या कायद्यातील दुरुस्तीने मिळाला आहे.

या विद्येचा सर्वांत हृद्य उपयोग मात्र उलट्या दिशेने झाला. इंग्लंडमधील ‘बीटल्स’ या गायकचमूतील जॉन लेनन यांनी न्यूयॉर्कमधील आपल्या घरी पियानो वाजवीत एक नवे गीत साध्या कॅसेटवर उतरविले होते. १९८० साली त्यांची हत्या झाली. १९९४ मध्ये त्यांच्या पत्नीने ती फीत उरलेल्या तिघा मित्रांच्या हाती दिली. १९९५ साली तिघे गीत पुरे करावयास बसले. पण पियानो इतका मोठा होता, की जॉनचा आवाज त्याखाली दबून जाई, आणि त्यात भर म्हणून एक घरघर सारखी चालू असे. त्यांना ते काम सोडून द्यावे लागले. २००१ साली तिघांपैकी जॉर्ज हॅरिसनही वारले.

पुढे न्यूझीलंडचे चित्रपटकार पीटर जॅक्सन यांनी बीटल्सच्या १९६९ मधील जुन्या चित्रणावरून माहितीपट तयार केला. त्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांनी गिटारीच्या आवाजाखाली बुडालेले संभाषण वेगळे करणारी यंत्रणा सिद्ध केली होती. ती त्या कॅसेटवर चालविण्यात आली. पियानो बाजूला झाला, घरघर गेली आणि जॉनचा आवाज स्वच्छ, एकटा ऐकू आला. १९९५ साली मुद्रित झालेली जॉर्जची गिटार त्याला जोडण्यात आली. रिंगो स्टार यांनी ढोल वाजविले, आणि बाजूला सारलेल्या पियानोच्या जागी पॉल मॅकार्टनी स्वतः पियानोवर बसले. २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाउ अँड देन’ हे गीत प्रसिद्ध झाले, तेव्हा पॉल ८१ वर्षांचे होते. त्यांच्या साथीने गाणारा जॉनचा आवाज मात्र अजून चाळिशीतही आला नव्हता.