खेळातली लबाडी : समोर कोण आहे, हे आधी पाहू



सुट्टी लागली की आपल्या घराघरांत व्हिडिओ गेमचा आवाज वाढतो. त्याबरोबर मुलांची एक मागणीही कानी येते, "मशीन दुकानात देऊन मॉड करून आणू या." मॉड करणे म्हणजे यंत्रात बदल करून कंपनीने घातलेली बंधने काढून टाकणे. कोणी हे फुकटचे गेम चालविण्यासाठी करतो, तर कोणी खेळात कधी न हरण्यासाठी. या मागणीला 'हो' म्हणावे की 'नाही'? मुलांवर ओरडण्यापूर्वी विषय नीट समजून घेऊ या.

१. ही लबाडी चालते कशी?

खेळाडूचे उरलेले जीव, बंदुकीतल्या गोळ्या, मिळालेले गुण, हे सारे यंत्राच्या लेखी केवळ आकडे असतात. आकडा बदलला की खेळ बदलतो. १९९० च्या सुमारास ब्रिटनमधील कोडमास्टर्स या कंपनीने 'गेम जीनी' नावाचे उपकरण तयार केले. निन्टेन्डोचे यंत्र आणि गेमची कॅसेट यांच्या मध्ये ते बसत असे. यंत्राने कॅसेटकडे एखादा आकडा मागितला की हे उपकरण मध्येच आपला आकडा पुढे करी. त्यासाठी सहा किंवा आठ अक्षरांचा कोड भरावा लागे. कॅसेटमध्ये मात्र काहीच बदलत नसे. उपकरण काढले की खेळ पूर्ववत!

काही वेळा अशी चोरवाट गेम बनविणारेच ठेवीत. १९८६ साली 'ग्रॅडियस' या गेमचे काम करताना काझुहिसा हाशिमोतो यांना तो गेम तपासण्यासाठी फारच अवघड वाटला. म्हणून त्यांनी बटनांचा एक गुप्त क्रम त्यात घातला. तोच क्रम पुढे 'काँट्रा'त आला आणि तीन जिवांऐवजी तीस जीव मिळू लागले. आज पालक असलेल्या अनेकांना लहानपणची ही युक्ती आठवत असेल.

२. न्यायालयाने काय म्हटले?

अमेरिकेत गेम जीनी विकणाऱ्या गलूब कंपनीवर निन्टेन्डोने खटला भरला. आमच्या गेममध्ये ढवळाढवळ होते, अशी तक्रार होती. १९९२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने गलूबच्या बाजूने निकाल दिला. विकत घेतलेला गेम आपल्या घरी, आपल्या करमणुकीसाठी वेगळ्या रीतीने खेळण्यास हरकत नाही, असा त्याचा आशय होता. खटल्याच्या काळात विक्री रोखल्याबद्दल गलूबला दीड कोटी डॉलर मिळाले. १९९४ मध्ये ती रक्कमही अपिलात कायम झाली.

या निकालातून एक भेद स्पष्ट होतो. मूल एकटेच यंत्राशी खेळत असेल आणि तीसऐवजी तीनशे जीव घेत असेल, तर त्यात फसवले कोणालाच जात नाही. फार तर खेळातली गंमत लवकर संपते.

३. समोर माणूस असतो तेव्हा

आता यंत्रे इंटरनेटला जोडलेली असतात. पडद्यावर पळणारा तो सैनिक म्हणजे दुसऱ्या घरातले एखादे मूल असते. अभ्यास आटोपून तेही अर्धा तास खेळायला बसलेले असते. अशा वेळी कंट्रोलरमध्ये जादा चिप बसवून एकदा बटन दाबताच गोळ्यांची फैर झाडली, तर समोरच्याचा सराव फुकट जातो. आपण का हरलो, हेसुद्धा त्याला कळत नाही. क्रिकेटमध्ये वजन कमीजास्त केलेल्या नाण्याने टॉस करण्यासारखेच हे आहे. नाणे आपले असले, तरी डाव दोघांचा असतो.

म्हणूनच कंपन्या याबाबत कडक असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने मॉड केलेल्या एक्सबॉक्स ३६० यंत्रांना आपल्या ऑनलाइन सेवेतून कायमचे बाहेर काढले. २०२३ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी' चालविणाऱ्या ॲक्टिव्हिजनने बंदुकीचा झटका आपोआप सावरणारी उपकरणे ओळखून काढण्याची व्यवस्था आणली.

येथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. अशी बंदी पुष्कळदा यंत्रावरच असते, मालक बदलला तरी ती सुटत नाही. जुने यंत्र स्वस्तात घेण्यापूर्वी ते ऑनलाइन चालते की नाही, हे विकणाऱ्यासमोरच पाहून घ्यावे.

४. फुकटच्या गेमचे काय?

हा प्रश्न वेगळा आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले. दुसऱ्याचा हक्क डावलण्याच्या हेतूने संरक्षणाचे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. "सगळेच करतात" हे दुकानदाराचे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही.

५. घरी चर्चेसाठी प्रश्न

• यंत्र मॉड केल्यावर तू एकटा खेळणार की इतरांबरोबर?
• समोरच्याला तुझी युक्ती कळली, तरी तो तुझ्याशी खेळेल का?
• तुझ्याशी कोणी असेच केले, तर तू काय म्हणशील?
• जिंकल्याचा आनंद कशाचा, आकड्याचा की अंगी आलेल्या कौशल्याचा?

मूल पहिल्या प्रश्नाचे उत्तर "एकटाच" असे देत असेल, तर यंत्राला हात न लावता गेममध्येच दिलेली 'सोपी' पातळी निवडता येते का, ते आधी पाहावे. उत्तर "इतरांबरोबर" असे असेल, तर आपले 'नाही' ठाम असावे. परंतु त्याचे कारणही मुलाला सांगावे. आणि जमल्यास या आठवड्यात एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसून एक डाव खेळावा. आपण बहुधा हरूच. न चिडता हरणारे आईवडील पाहणे, हाही मुलांसाठी एक धडाच आहे.